गाइड आधी, विषय नंतर : सोलापुरातून नर्सिंगची पीएचडी

या महिन्याच्या टपालात एकाच धाटणीचे प्रश्न बरेच निघाले. एमएस्सी नर्सिंग झालेल्या, सोलापुरात किंवा तालुक्याच्या गावी छोट्या कॉलेजात शिकवणाऱ्या, नाहीतर वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या वाचकांना पीएचडी करायची आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. म्हणून यावेळचं सदर त्यांच्यासाठी. उत्तरं नर्सिंग शिक्षण, समुदाय आरोग्य आणि संख्याशास्त्र या तीन बाजूंनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मी जुळे सोलापुरातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. आमच्याकडे फक्त बीएस्सी आहे, पीएचडीचं केंद्र नाही. इथे राहून पीएचडी होईल का? आणि विद्यापीठ इथे केगावला असताना नाशिकचं नाव का घेतात?

उत्तर : केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ सालचं. त्याच्या कक्षेत नर्सिंग येत नाही. राज्यातली नर्सिंग कॉलेजं १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, म्हणजे नाशिकला जोडलेली आहेत. त्यामुळे नोंदणी तिथे. दुसरी वाट पुणे, कराड, कोल्हापूर इथल्या अभिमत विद्यापीठांची. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी आणि फी साधारणपणे बरीच जास्त.

नोकरी एका कॉलेजात आणि संशोधन केंद्र दुसऱ्या कॉलेजात, असं चालतं. पदवी विद्यापीठ देतं. तुमच्या कॉलेजात किती जागा आहेत याला तिथे काही महत्त्व नाही. तुमच्या कॉलेजकडून लागतं ते ना-हरकत पत्र, आणि गाडी अडते ती नेमकी या कागदावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडीसाठी या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या लागतात : उमेदवाराला अर्धवेळ पीएचडी करायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्स वर्कसाठी (नोंदणीनंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केलं जाईल. लेटरहेडवर ‘आमची हरकत नाही’ एवढी एक ओळ आणि खाली गोल शिक्का असं पत्र चालत नाही. मसुदा स्वतः टाइप करून न्या. प्राचार्यांना सही करणं सोपं, लिहून देणं अवघड. तिसऱ्या वाक्यावर व्यवस्थापन कां-कूं करतं, कारण तेवढे दिवस तुमचे तास कोण घेणार हा प्रश्न असतो. रजेच्या काळातलं वेळापत्रक मसुद्यासोबतच ठेवलंत तर बोलणं लवकर आटोपतं.

आता क्रम. बहुतेक जण आधी विषय ठरवतात, मग परीक्षा देतात, आणि शेवटी गाइड, म्हणजे संशोधन मार्गदर्शक, शोधायला निघतात. तोवर जवळच्या गाइडकडच्या जागा भरलेल्या असतात. आयोगाच्या नियमात प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ विद्यार्थी ही कमाल मर्यादा आहे. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. नर्सिंगमध्ये पीएचडी झालेले मान्यताप्राप्त गाइड आधीच मोजके, त्यात तुमच्या शाखेचे आणखी थोडे. म्हणून विद्यापीठाची गाइडची यादी काढा, तुमच्या शाखेची नावं वेगळी करा आणि प्रत्येकाला एक पानाचं पत्र पाठवा : तुमचं शिक्षण, कामाची जागा, ज्या प्रकारच्या रुग्णांपर्यंत तुम्ही सहज पोचू शकता ते, आणि दोन संभाव्य प्रश्न. ‘मॅडम, एखादा विषय सुचवा’ या मेसेजला उत्तर येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

फोनवर बोलणं झालंच तर तीन गोष्टी विचारायला लाजू नका : सध्या किती विद्यार्थी आहेत, निवृत्ती कधी, आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध किती वर्षांत सादर झाले. तिसऱ्या उत्तरावरून माणूस कळतो.

प्रवेश परीक्षेत आयोगाच्या चौकटीनुसार निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर, निम्मा विषयावर. पात्रतेला ५० टक्के. पुढे लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. विषयाची तयारी शिकवताना आपोआप झालेली असते. लोक अडकतात ते संशोधन पद्धतीत, म्हणून तिथून सुरुवात करा. तारखा, फी आणि अर्जाची कागदपत्रं मात्र विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या अधिसूचनेतूनच पाहा, गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून नको.

प्रश्न : एमएस्सीला ५३ टक्के आहेत. ओबीसी प्रवर्ग. बाद का?

उत्तर : नाही. खुल्या प्रवर्गाला एमएस्सीत ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. ओबीसीसाठी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र चालू मुदतीचं हवं. ते संपलेलं निघालं म्हणून अर्ज अडकल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात.

प्रश्न : एका एजंटाने सांगितलं, परराज्यातल्या विद्यापीठातून दीड वर्षात, घरबसल्या पीएचडी मिळते, प्रबंधसुद्धा तेच लिहून देतात. आमच्या कॉलेजातल्या दोघींनी पैसे भरलेत. (अक्कलकोट)

उत्तर : पीएचडीला कोर्स वर्क धरून किमान ३ वर्षं लागतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देता येत नाही. या दोन वाक्यांपुढे एजंटाचं एकही वाक्य टिकत नाही. प्रबंध आयता मिळाला तर तो पुढे शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, सगळ्यांना दिसेल असा पडून राहतो, आणि नेमणुकीच्या पडताळणीत नोंदणीची तारीख, कोर्स वर्कची गुणपत्रिका, मौखिकीची (तोंडी परीक्षेची) सूचना अशी साखळी मागितली जाते. पैसे भरलेल्या दोघींनी पावत्या जपून ठेवाव्यात आणि लेखी परतावा मागावा.

प्रश्न : कुंभारीच्या वसाहतीत विडी कामगार बायकांसाठी आमच्या कॉलेजचं क्षेत्रकार्य चालतं. त्यांच्यावरच ‘संरचित शिक्षण कार्यक्रमाची ज्ञानावरील परिणामकारकता’ असा विषय घेतला तर? मैत्रिणी म्हणतात, सोपा आहे.

उत्तर : सोपा आहे म्हणूनच नको. लोकांना माहिती दिली की माहितीच्या परीक्षेत गुण वाढतात, हे सिद्ध करायला तीन वर्षं कशाला हवीत? एमएस्सीच्या प्रबंधाला ते खपून जातं. पीएचडीच्या मौखिकीत बाहेरचा परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतो : ज्ञान वाढलं, पण वागणं बदललं का, त्रास कमी झाला का, आणि तीन महिन्यांनी काय उरलं?

जागा मात्र तुम्ही उत्तम निवडली आहे. छोट्या कॉलेजचं खरं भांडवल हेच. मोठ्या शहरातल्या संशोधकाला ज्या वस्तीत शिरायला सहा महिने जातात, तिथे तुमच्या विद्यार्थिनी दर आठवड्याला रक्तदाब मोजत फिरतात. तेव्हा निष्पत्ती, म्हणजे शेवटी जे मोजायचं ते, बदला. ‘ज्ञान’ खाली ढकला आणि मोजता येण्याजोगं काहीतरी वर आणा : मान-पाठदुखीची तीव्रता, तंबाखूच्या धुळीशी संपर्क कमी करणाऱ्या सवयी निरीक्षणाने किती दिसतात, उच्च रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस चुकल्या. प्रमुख निष्पत्ती एकच ठेवा. सात निष्पत्ती घेतल्या की एखादी योगायोगानेही ‘सिग्निफिकंट’ निघते, आणि परीक्षकाला ते माहीत असतं.

दुसरी अडचण रचनेची. बायका ओट्यावर बसून गप्पा मारत विड्या वळतात. एका गल्लीतल्या निम्म्या बायकांना व्यायाम शिकवलेत आणि निम्म्यांना नाही, तर संध्याकाळपर्यंत तो व्यायाम सगळ्या गल्लीला येतो. दोन गटांतला फरक पुसला जातो आणि तुमचा उपक्रम चांगला असूनही ‘परिणाम नाही’ असं उत्तर येतं. म्हणून चिठ्ठ्या माणसांच्या नाही, गल्ल्यांच्या किंवा इमारतींच्या टाका. याला क्लस्टर पद्धत म्हणतात, आणि तिची किंमत नमुना वाढवून मोजावी लागते.

हिशेब असा. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या निम्मा) फरक पकडायचा असेल, ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. आता एका क्लस्टरमध्ये २० बायका आणि एकाच गल्लीतल्या बायकांमधलं साम्य, म्हणजे आंतरवर्ग सहसंबंध, ०.०२ धरला तर वाढीचा गुणक होतो १ अधिक १९ गुणिले ०.०२, म्हणजे १.३८. चौसष्टला त्याने गुणलं की ८९. मधेच सोडून जाणाऱ्या १५ टक्के धरल्या तर ८९ भागिले ०.८५, म्हणजे १०५. वीस-वीसचे गट पाडले तर प्रत्येक बाजूला ६ क्लस्टर. गळतीसाठी अनेक जण ८९ मध्ये १५ टक्के मिळवून १०३ लिहितात. ते चूक आहे, कारण १०३ मधून १५ टक्के गेले तर ८९ उरत नाहीत. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, हे आकडे ज्या गृहीतकांवर उभे आहेत तीही लिहा. प्रमाण विचलन कुठल्या आधीच्या अभ्यासातून घेतलं, हा प्रश्न हमखास येतो.

विषय सर्वेक्षणाचा असेल तर सूत्र वेगळं. एखाद्या त्रासाचं प्रमाण ३० टक्के असेल असा अंदाज आणि ५ टक्के चूक चालणार असेल तर ३.८४ गुणिले ०.३ गुणिले ०.७ भागिले ०.००२५, म्हणजे ३२३. ‘आधीचा अभ्यास सापडला नाही म्हणून ५० टक्के धरले’ असं केलं की तोच आकडा ३८४ होतो. जास्तीच्या ६१ मुलाखती म्हणजे तुमचे आणखी काही आठवडे. आधीचा अभ्यास नीट शोधणं स्वस्त पडतं.

एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही. विडीची मजुरी हजारावर ठरते. तुमची चाळीस मिनिटांची मुलाखत म्हणजे त्या बाईच्या सुपातल्या न वळलेल्या विड्या. माल देण्याच्या दिवशी, कारखान्याच्या वेळेआधी दारात उभं राहू नका. बुडालेल्या वेळेची भरपाई द्यायची असेल तर ती रक्कम एथिक्स कमिटीपुढच्या अर्जात आधीच नमूद करा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वस्तीत कोणी भेटत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी तुमच्याच मुली आजारी पडतात. पंढरपूर तालुक्यात काम असेल तर आषाढीच्या पंधरवड्यात आरोग्य केंद्राचा सगळा स्टाफ वारीच्या बंदोबस्तात असतो. वेळापत्रकात हे आधीच वगळा.

प्रश्न : तयार इंग्रजी प्रश्नावली आहे. माझ्या नमुन्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे लोक येतील. गुगलवरून भाषांतर करून तज्ज्ञांना दाखवलं तर पुरेल का?

उत्तर : नाही. आधी मूळ प्रश्नावली वापरायला तिच्या कर्त्याची लेखी परवानगी घ्या. ईमेल चालतो, पण तो प्रबंधाला जोडावा लागतो.

मग दोघांनी एकमेकांना न दाखवता मराठी भाषांतर करायचं. एक जण आरोग्य क्षेत्रातला, एक जण बाहेरचा. दोन्ही मिळून एक मसुदा ठरवायचा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या आणखी दोघांनी तो परत इंग्रजीत न्यायचा. दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवले की गोंधळ दिसतो. ‘फटीग’चं ‘थकवा’ होतं, आणि परत येताना कधी ‘वीकनेस’ होऊन येतं. हा फरक दुखण्याच्या आणि थकव्याच्या प्रश्नावलीत फार महागात पडतो. यानंतर ३० ते ४० लोकांवर पूर्वचाचणी. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ नुसतं ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात.

तेलुगूत सोलापूरची खास गोची आहे. पूर्व भागातल्या घरांत बोलली जाते ती तेलुगू मराठी शब्दांनी भरलेली, आणि ती बोलणाऱ्या अनेक बायकांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, कारण शाळा मराठी. हैदराबादहून पुस्तकी भाषांतर मागवलंत तर कागद सुरेख दिसेल आणि समोरची बाई गप्प बसेल. पूर्व भागातच वाढलेल्या, तेलुगू घरात बोलणाऱ्या एखाद्या सिस्टरला भाषांतरकारांत घ्या आणि प्रश्नावली हातात देण्याऐवजी मुलाखत अनुसूची म्हणून वाचून विचारा. कोण विचारणार, किती वेगाने, कुठला पर्यायी शब्द चालेल, हे लिहून ठेवा. नाहीतर तीन मुलाखतकार तीन प्रश्नावल्या वापरतात.

आशय वैधतेसाठी, म्हणजे प्रश्न विषयाला धरून आहेत का हे तपासायला, पाचाऐवजी किमान ६ तज्ज्ञ घ्या. प्रत्येक जण प्रत्येक प्रश्नाला १ ते ४ गुण देतो. ३ किंवा ४ देणारे किती, भागिले एकूण तज्ज्ञ, हा त्या प्रश्नाचा निर्देशांक. सहापैकी पाच म्हणजे ०.८३, प्रश्न राहतो. सहापैकी चार म्हणजे ०.६७, प्रश्न सुधारायचा किंवा काढायचा. स्वीकाराची मर्यादा ०.७८ धरतात. पाच तज्ज्ञ असतील तर मात्र पाचही जणांचं एकमत लागतं, म्हणून सहावा तज्ज्ञ शोधणं फायद्याचं. सगळ्या प्रश्नांची सरासरी ०.९० च्या वर हवी.

विश्वसनीयतेसाठी क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७० किंवा जास्त. तो ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नका, तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारला गेला असण्याची शक्यता जास्त. बरोबर-चूक अशा ज्ञानाच्या प्रश्नांना केआर-२० हे त्याच जातीचं माप वापरतात. तीनही भाषांचे आकडे वेगवेगळे काढा. मराठीचा ०.८२ दाखवून तेलुगूवर पांघरूण घालता येत नाही. आणि पायलटमधली, म्हणजे पूर्वचाचणीतली, माणसं मुख्य नमुन्यात परत घेऊ नका.

प्रश्न : आमच्या कॉलेजला एथिक्स कमिटी नाही. सिव्हिलच्या वॉर्डातून आणि काही आरोग्य केंद्रांतून माहिती घ्यायची आहे. परवानग्या कुणाच्या?

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एथिक्स कमिटीची मान्यता ही संशोधनाला, आणि प्रशासकीय परवानगी ही त्या जागेत शिरायला. एक दुसरीची जागा घेत नाही.

कॉलेजची कमिटी नसेल तर संशोधन केंद्राच्या किंवा ज्या रुग्णालयात काम आहे तिथल्या नोंदणीकृत कमिटीकडे अर्ज करता येतो. जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठीची कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असली पाहिजे. नोंदणीचा क्रमांक आणि मुदत विचारून घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कमिटीचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे लागतात आणि बैठकीला किमान ५ सदस्य हजर लागतात. प्राचार्य स्वतःच अध्यक्ष असलेल्या घरगुती कमिटीचं पत्र प्रकाशनाच्या वेळी नियतकालिक परत पाठवतं.

प्रशासकीय परवानगी सिव्हिलच्या वॉर्डासाठी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडून. शहरातल्या नागरी आरोग्य केंद्रांसाठी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून. ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून. पत्राची प्रत घेऊन मेट्रनना आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना स्वतः भेटा. वरून परवानगी आली तरी वॉर्ड त्यांचा असतो.

संमतीपत्र वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा फक्त अंगठा पुरत नाही. तिच्या आणि तुमच्या दोघांच्या बाजूचा नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा आणि त्याची सही हवी. तुमची विद्यार्थिनी साक्षीदार होऊ शकत नाही.

अभ्यासात तुम्ही काही करून पाहणार असाल, म्हणजे व्यायाम, मसाज, समुपदेशन, फोनवरची आठवण, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंद करा. औषध नाही म्हणून गरज नाही, हा गैरसमज आहे. नोंदणी मोफत आहे. पण १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला सहभागी घेण्यापूर्वीच करावी लागते, मागाहून होत नाही. आधी एथिक्सचं पत्र, मग ही नोंद, मग पहिली संमती. या क्रमात एक दिवस जरी पुढे-मागे झाला तर चांगलं नियतकालिक लेख घेत नाही, आणि तेव्हा ते दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न : बार्शीला स्टाफ नर्स आहे, रात्रपाळ्या असतात. नोंदणी झाली आणि आता दिवस गेलेत. सोडून द्यावं का? विषय गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल आहे.

उत्तर : सोडू नका. नियमानुसार कमाल मुदत ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना त्यावर आणखी २, म्हणजे जास्तीत जास्त १० वर्षं. शिवाय पूर्ण कालावधीत बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. नोकरीतली बाळंतपणाची रजा आपोआप पीएचडीची रजा होत नाही. विद्यापीठाकडे केंद्रामार्फत स्वतंत्र अर्ज द्या, आणि दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं त्याच्या तारखा आधी बदलून घ्या. न कळवता गैरहजर राहिलं की प्रगती ‘असमाधानकारक’ लागते. लग्न किंवा अन्य कारणाने गाव बदलावं लागलं तर नियमांच्या अटी पाळून संशोधनाची सामग्री दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूदही महिलांसाठी आहे.

कोर्स वर्क किमान १२ क्रेडिटचं आणि त्यात ५५ टक्के लागतात. ते बाळंतपणाआधी उरकता आलं तर पाहा. साहित्य आढावा बाळ मांडीवर असताना होतो, क्षेत्रकार्य होत नाही.

विषयाबाबत तुम्ही नेमक्या ठिकाणी आहात. देशातली पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. तिथून निघालेले निबंध पबमेडवर (वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर) मिळतात. तुमच्या पहिल्या प्रकरणाची पार्श्वभूमी आफ्रिकेच्या आकड्यांनी सुरू करण्याऐवजी तिथून करा.

प्रश्न : पुण्यात एक जण आकडेमोडीचं सगळं काम करून देतो. एक्सेल पाठवायचं, टेबलं परत येतात. योग्य आहे का?

उत्तर : संख्याशास्त्रज्ञाची मदत घेणं योग्यच, पण माहिती गोळा करण्याआधी. सिनॉप्सिसच्या वेळी दोन तास बसलात तर नंतरचे दोन महिने वाचतात. सगळं गोळा करून मग ‘यातून काहीतरी काढा’ म्हटलं की तो बिचारा काहीतरी काढतोच.

एक्सेलमध्ये एका माणसाची एकच ओळ, नावाऐवजी संकेतांक, आणि एका रकान्यात एकच गोष्ट. ‘१३०/८०’ असं लिहू नका, दोन रकाने करा. न मिळालेल्या उत्तराला शून्य भरू नका. हिमोग्लोबिनच्या रकान्यात चार शून्यं पडली की सरासरी घसरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ९९ हा संकेत वापरलात तर सॉफ्टवेअरला तो ‘माहिती नाही’ आहे असं सांगावं लागतं. दर दहावा अर्ज मूळ कागदाशी ताडून पाहा.

नर्सिंगच्या प्रबंधांत सगळ्यांत जास्त दिसणारी चूक सांगतो. प्रायोगिक गटात आधी-नंतरची पेअर्ड टी चाचणी लावतात, पी ०.०५ च्या खाली येतो, म्हणजे फरक सार्थ धरला जातो. नियंत्रण गटात तीच चाचणी लावतात, पी वर राहतो. आणि निष्कर्ष लिहितात, उपक्रम परिणामकारक. हे चूक आहे, कारण दोन गटांची तुलना झालीच नाही. सुरुवातीचा आकडा हिशेबात धरून शेवटच्या आकड्यांची दोन गटांमध्ये तुलना करायची, त्यासाठी अँकोव्हा आहे. क्लस्टर पद्धत असेल तर विश्लेषणातही क्लस्टर धरावे लागतात.

एसपीएसएसचा परवाना महाग आहे. चोरीची प्रत वापरून प्रबंधात आवृत्ती क्रमांक लिहू नका. जॅमोव्ही, जॅस्प, आर ही मोफत आहेत आणि वरची सगळी कामं करतात. मोबाइलवर मुलाखत भरायला कोबोटूलबॉक्स, संदर्भ सांभाळायला झोटेरो. झोटेरो पहिल्या लेखापासून वापरा. तीनशे संदर्भ शेवटी हाताने लावताना लोक रडकुंडीला येतात.

प्रश्न : वाङ्मयचौर्य तपासणीत १० टक्के म्हणजे नक्की काय? माझा पद्धतीचा भागच २५ दाखवतोय.

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून ६ महिन्यांच्या आत पुन्हा सादर. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, अवतरणचिन्हात संदर्भासह दिलेला मजकूर आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजत नाहीत. अहवाल काढताना या गोष्टी वगळल्या आहेत का ते ग्रंथपालांना विचारा.

पद्धतीच्या प्रकरणात आकडा चढतो कारण सगळ्यांनी एकाच जुन्या एमएस्सी प्रबंधाचा साचा उचललेला असतो. व्याख्या, ‘पॉप्युलेशन’, ‘सॅम्पलिंग टेक्निक’ यांचे तेच ते परिच्छेद. शब्दांची अदलाबदल करू नका. पाठ्यपुस्तकी व्याख्या काढून टाका आणि तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा : कुठली वस्ती, किती घरं, चिठ्ठ्या कोणी काढल्या, किती बायकांनी नकार दिला आणि का. तो मजकूर दुसऱ्या कोणाच्याच प्रबंधात असू शकत नाही.

प्रश्न : गाइड मधेच निवृत्त झाल्या तर?

उत्तर : आधीच नोंदलेल्या विद्यार्थ्यांना त्या निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात, आणि नंतर वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात. निवृत्तीच्या वर्षभर आधी दुसऱ्या मार्गदर्शकाचं नाव सुचवून अर्ज करा.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्णवेळ केली तर पैशाचं काय? आणि एवढं करून पगार वाढतो का?

उत्तर : राज्यात प्रवर्गानुसार बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. त्या पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात. पगार घेत असताना अर्ज करू नका, वसुली लागते. जाहिरातीत नोंदणीच्या तारखेची अट असते, म्हणून नोंदणीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात ती पाहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजवर आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत प्राचार्य आणि प्रोफेसर पदांसाठी एमएस्सी आणि अनुभवाची वर्षं आवश्यक, पीएचडी इष्ट. म्हणजे छोट्या खासगी कॉलेजला तुमच्या पीएचडीसाठी पगार वाढवण्याची सक्ती नाही. ना-हरकत पत्राचा मसुदा घेऊन प्राचार्यांकडे जाल तेव्हाच, पदवीनंतर वेतनवाढ किती, हे लेखी मागून बघा.